हास्यास्पद गाण्यांनाही नाव-गाव असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र प्रसिद्ध झाले. बेसूर, विचित्र आणि अर्थहीन गाणी मोबाइलवरून एकमेकांना पाठवण्याचे जे वेड पसरले आहे त्याने लोकांची अभिरुची बिघडते, आणि अशी गाणी जपून ठेवणारे लोक तर या बिघाडाला खतपाणीच घालतात, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. मी स्वतः गेली पस्तीस वर्षे अशी गाणी जमवत आलो आहे, आणि माझ्या घरातील एक लोखंडी कपाट व पलंगाखालच्या दोन पेट्या याच मालाने भरलेल्या आहेत. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून चार शब्द बोलण्याची परवानगी मागतो. त्यांचा निम्मा आक्षेप मला मान्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र त्यांनी बोट ठेवले ती जागा मला चुकीची वाटते. वाईट गाणे जमवणे किंवा दुसऱ्याला ऐकवणे यात मला दोष दिसत नाही. ते निनावी करून, अर्धवट कापून वाटण्यात मात्र मोठा दोष आहे, आणि तो मी स्वतः दहा वर्षे केलेला असल्यामुळे त्याबद्दल अधिकाराने बोलू शकतो.

माझ्या संग्रहात काय आहे, असे कोणी विचारले तर घरची मंडळी विषय बदलतात. एका उमेदवाराने प्रचारासाठी काढलेली भावगीते आहेत, ज्यांत विरहिणीच्या प्रत्येक कडव्यात निवडणूक चिन्ह डोकावते. खताच्या जाहिरातीची लावणी आहे. एका सद्गृहस्थांनी स्वतःच्या एकसष्टीनिमित्त स्वखर्चाने ध्वनिमुद्रित करून घेतलेली स्वतःचीच आरती आहे, आणि ती त्यांनी स्वतःच म्हटलेली आहे. यातले बरेचसे पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी आणि बुधवारी, सुट्या भागांच्या आणि गंजलेल्या कुलपांच्या शेजारी मिळालेले आहे. पूर्वी कॅसेटला पाच-दहा रुपये मोजावे लागत; पुढे कॅसेट वाजवायचे यंत्रच घरांतून गेले, तेव्हा त्या पोत्याने मिळू लागल्या. बुरशी आलेली फीत पुसणे, तुटलेली जोडणे आणि गुंतलेली पेन्सिलीने गुंडाळणे या कामांत माझ्या आयुष्याच्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या आहेत, आणि त्याबद्दल मला खेद नाही.

याच बाजारात १९९८ च्या सुमारास मला एक कॅसेट मिळाली. आतला छापील कागद गहाळ होता आणि वर चिकटवलेली पट्टी खरवडलेली होती. घरी येऊन लावली, तर चार-पाच बायका पेटीशी फारसा संबंध न ठेवता पाळणा म्हणत होत्या. आपल्याकडे पाळण्यात पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेक कडवे येते, तशीच याची रचना होती. पण पहिल्याच दिवशी बाळाच्या मानेत सुई टोचली जात होती, सातव्या दिवशी ‘लासोटा’ नावाचे कोणीतरी येऊन त्याच्या डोळ्यात थेंब टाकत होते, आणि चौदाव्या दिवशी ‘गंबोरो’ येण्याआधी बाळाला दोन तास तहानलेले ठेवा, मग पाण्यात दुधाची भुकटी घाला, असे मोठ्या मायेने सांगितले जात होते. मी हसून हसून बेजार झालो. पुढची दहा वर्षे कोजागिरीच्या प्रत्येक बैठकीत, दूध आटेपर्यंत, हा ‘राक्षसी पाळणा’ वाजवायचा असा आमच्याकडे रिवाजच पडला. मी त्याच्या प्रती काढून मित्रांना दिल्या, मित्रांनी पुढे दिल्या, आणि नंतर कधीतरी त्यातला पाऊण मिनिटाचा तुकडा माझ्याच मोबाइलवर परत आला, तेव्हा मला फार धन्य वाटले होते.

त्यानंतर मुंबईच्या चोरबाजारात त्याच कॅसेटची दुसरी प्रत हाती लागली, आणि तिच्यात छापील कागद शाबूत होता. ती एका कुक्कुटपालन प्रशिक्षण शिबिरासाठी काढलेली कॅसेट होती. बाळ म्हणजे कोंबडीचे पिल्लू. लासोटा ही कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरची लस, जी डोळ्यात थेंबाने देतात. गंबोरो हा दुसरा रोग, ज्याला अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातील एका गावाचे नाव पडले आहे. त्याची लस पिण्याच्या पाण्यातून द्यायची असेल तर पिल्लांना आधी तहानलेले ठेवतात, आणि पाण्यातल्या क्लोरीनने लस निकामी होऊ नये म्हणून त्यात दुधाची भुकटी घालतात. ज्या बायकांना छापील वेळापत्रक वाचता येत नव्हते किंवा वाचायला सवड नव्हती त्यांच्या तोंडी ते बसावे म्हणून कोणीतरी पाळण्याचा साचा निवडला होता, आणि दिवसांचा हिशेब ठेवण्यासाठी मराठीत याहून चांगला साचा मला तरी ठाऊक नाही. गाणे आजही बेसूरच आहे. पण मी दहा वर्षे ज्याला वेडगळ म्हणून वाजवत होतो ते एका हुशार माणसाचे नेमके काम होते, आणि मला ते न कळण्याचे एकमेव कारण म्हणजे हरवलेला चार बोटे रुंदीचा कागद.

त्या कागदाचे मोल ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जायची होती. तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी गाणाऱ्यांमध्ये फरक करता येणे शक्य नव्हते. म्हणून गाणे संपताच गायिकेने ‘माय नेम इज गौहर जान’ असे मोठ्याने सांगायचे, अशी पद्धत पडली. कागद फाटला, लेबल उडाले, तरी नाव आवाजातच राहिले. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या मधल्या कोऱ्या भागावर कोरलेला क्रमांकही याच सावधगिरीचा भाग आहे. तो भिंगाखाली वाचून मुद्रणाचा काळ शोधणारे चिकाटीचे लोक आपल्याकडे आहेत, आणि १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने त्यांना एकत्र आणले.

नाव गळाले की काय होते, याचे आपल्या घरचे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे छापले होते, आणि कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचे नाव होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा सुरू केली म्हणून लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोहोचले. लताबाईंच्या बाबतीत विचारणा झाली, कारण गाणे अप्रतिम होते. वाईट गाण्याच्या बाबतीत अशी विचारणा कोणी करत नाही. म्हणून वाईट गाण्याचे नाव टिकवण्याची जबाबदारी ते वाटणाऱ्यावर अधिक पडते, असे माझे म्हणणे आहे.

२०१० मध्ये जगभर एक चित्रफीत फिरली. तपकिरी सूट घातलेला, नीट भांग पाडलेला एक गृहस्थ एकही शब्द न उच्चारता नुसतेच ‘त्रो लो लो’ असे आनंदाने गात चालत येतो आणि तसाच निघून जातो. लोकांनी त्याला ‘मिस्टर ट्रोलोलो’ असे नाव ठेवले आणि त्याची यथेच्छ टिंगल केली. हा गृहस्थ म्हणजे लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयात शिकलेले, १९७४ मध्ये रशियन प्रजासत्ताकाचे ‘जनकलावंत’ म्हणून गौरवले गेलेले एदुआर्द खिल होते. अर्कादी ओस्त्रोव्हस्की यांच्या त्या गाण्याला मुळात शब्द होते. प्रेअरीवर घोडा दौडवणारा एक काउबॉय आणि केंटकीत त्याच्यासाठी मोजे विणत बसलेली त्याची प्रेयसी, असा त्यांचा विषय होता, आणि सोव्हिएत काळात असले अमेरिकन शब्द चालण्यासारखे नव्हते म्हणून गाणे शब्दांविना गायिले, अशी हकीकत स्वतः खिल यांनी मुलाखतीत सांगितली आहे. आपण पुन्हा प्रसिद्ध झालो आहोत हे त्यांना नातवाकडून कळले, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने घेतले. २०१२ मध्ये ते वारले. ही हकीकत कळल्यावर ती चित्रफीत पुन्हा पाहा. हसू तसेच येते, पण आता ते त्या माणसाच्या बरोबरीने येते. माझ्या मते तो तुकडा आता अधिक चांगला लागतो.

आपल्या तमिळ बांधवांच्या वाट्याला तर हेही आले नाही. २००० साली आलेल्या एका तमिळ चित्रपटातील प्रभुदेवा यांच्या नाचाच्या गाण्याला २००७ मध्ये एका अमेरिकी माणसाने, कानाला जे इंग्रजी शब्द भासतील ते उपशीर्षके म्हणून जोडले आणि ते गाणे लाखो लोकांनी पाहिले. मूळ ओळीत महाविद्यालयाच्या आकाशातील चंद्राचा साधासा उल्लेख आहे. पण त्या लाखोंपैकी कितीजणांना चित्रपटाचे, संगीतकार एस. ए. राजकुमार यांचे किंवा निदान भाषेचे तरी नाव सांगता येईल? मराठी माणसांनीही तो तुकडा ‘साउथचे काहीतरी’ म्हणून पुढे ढकलला, ही त्यातली आपली कामगिरी.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या फ्रीमाँट या छोट्या गावचे आहे. ऑस्टिन विगिन नावाच्या गृहस्थांच्या आईने त्यांचा हात पाहून त्यांच्या मुली प्रसिद्ध वाद्यवृंद काढतील असे भाकीत केले होते. तिची आधीची भाकिते खरी ठरली होती, म्हणून या गृहस्थांनी मुलींची शाळा सोडवली, त्यांना वाद्ये आणून दिली आणि सरावाला बसवले. डॉट, बेटी आणि हेलन या तिघी बहिणी ‘द शॅग्ज’ या नावाने गावच्या सभागृहात शनिवारी रात्री वाजवू लागल्या. १९६९ मध्ये वडिलांनी त्यांना स्टुडिओत नेले आणि ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’ ही तबकडी निघाली. ती ऐकणे हा एक अनुभव आहे: गिटार एका लयीत, ढोल दुसऱ्याच लयीत, आणि गाणारीचा स्वर दोघांचीही वाट न पाहता आपल्या मार्गाने चाललेला, हरवलेल्या मांजराबद्दलचे एक गाणे तर मी एका बैठकीत पुरे ऐकू शकलेलो नाही. तबकडीच्या बहुतेक प्रती गहाळ झाल्या. १९७५ मध्ये वडील वारले आणि दुसऱ्या दिवशी वाद्ये उचलावीत असे मुलींना वाटले नाही. पण उरलेल्या प्रतींपैकी काही संग्राहकांच्या हाती लागल्या. १९८० मध्ये एनआरबीक्यू या वाद्यवृंदातील संगीतकारांच्या खटपटीने ती तबकडी, तेच नाव, तेच मुखपृष्ठ आणि तिघींच्या नावांसह, पुन्हा बाजारात आली. त्यामुळे त्या बहिणींना शोधून काढता आले, त्यांना विचारता आले, आणि बापाच्या हट्टाची ती सगळी अवघड कहाणी त्यांच्याच तोंडून ऐकता आली. नावे नसती तर हाती काय उरले असते? तीन बेसूर मुली आणि एक तुकडा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला गंभीर वाटतो. नाव दिल्याने माणसाची अधिक नाचक्की होते, त्यापेक्षा निनावी हसणे बरे नाही काय? २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील रेबेका ब्लॅक या मुलीचे ‘फ्रायडे’ हे गाणे ‘जगातील सर्वांत वाईट गाणे’ म्हणून गाजले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तिचे नाव सर्वांना ठाऊक होते. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि शाळेतल्या छळामुळे तिला शाळा सोडून घरी शिकावे लागले. मात्र या प्रकरणात तरी नाव पुरते कोठे दिले गेले? आई-वडिलांकडून काही हजार डॉलर घेऊन मुलांसाठी गाणी लिहून चित्रित करून देणाऱ्या कंपनीतल्या मोठ्या माणसांनी ते शब्द लिहिले होते आणि चालही त्यांनीच बांधली होती. शिव्या मात्र एकट्या पोरीने खाल्ल्या. अर्धे नाव हे निनावी असण्यापेक्षा वाईट असते, हे मला या उदाहरणावरून पटले. आणि ज्याने स्वतःहून व्यासपीठ गाठलेले नाही, म्हणजे लहान मूल, घरच्या समारंभात आग्रहाखातर उभी राहिलेली काकू, दारूच्या अमलात गाणारा शेजारी, त्यांचे काहीच पुढे पाठवू नये, नावासह नाही आणि नावाशिवायही नाही.

व्यासपीठ गाठलेल्यांची गोष्ट निराळी, आणि हे आपल्यासारख्या संपादकांना आवडेल असे प्रकरण आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील चेरी भगिनींचा गाण्या-नाचाचा कार्यक्रम इतका वाईट असे की १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका थिएटरमालकाने तो वाईट आहे म्हणूनच मुद्दाम लावला. पुढे एका वृत्तपत्राने त्यांच्यावरील जहरी परीक्षण छापले म्हणून त्यांनी बदनामीचा दावा लावला. १९०१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल वृत्तपत्राच्या बाजूने दिला. जो कलावंत लोकांसमोर येतो त्याच्या कलेवर टीका करण्याचा, तिची खिल्लीही उडवण्याचा लोकांना अधिकार आहे, असा त्याचा मथितार्थ होता. खिल्ली सादर केलेल्या कलेची, हे ध्यानात ठेवले पाहिजे. न्यूयॉर्कच्याच फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स या बाईंनी १९४४ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, कार्नेगी हॉल भरवून दाखवला आणि एकही स्वर नीट न लावता पुरी मैफल गायिली. त्यांच्या तबकड्या आजही विकल्या जातात आणि प्रत्येकीवर त्यांचे पूर्ण नाव आहे. बाईंना याहून अधिक काही हवे होते असे वाटत नाही.

आता अभिरुचीचा मुद्दा. वाचक भगिनींची काळजी नवी नाही. मूळचे पुण्याचे डॉ. बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले तेव्हा त्यांनाही हीच काळजी होती. चित्रपटगीते थिल्लर आहेत म्हणून आकाशवाणीवर त्यांना कात्री लागली. एवढेच नव्हे, तर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते म्हणून तेही सांगायचे नाही असे ठरले, निर्माते चिडले, आणि गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली, जिथे त्याच वर्षी बिनाका गीतमाला सुरू झाली होती. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. त्याच १९५७ सालच्या ‘आशा’ चित्रपटात पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ हे शुद्ध निरर्थक गाणे दिले. त्यातला ‘माका नाका’ हा तुकडा त्यांचे गोमंतकीय सहकारी जॉन गोम्स यांनी सुचवला असे सांगतात. कोकणीत त्याचा सरळ अर्थ ‘मला नको’ असा होतो. लासोटा आणि गंबोरोची आठवण मला इथे हटकून होते. त्या काळी कानांवर हात ठेवणाऱ्यांची नातवंडे आज ते गाणे अभिजात म्हणून स्पर्धांत म्हणतात. प्रत्येक वेडगळ गाण्याचे असे सोने होत नाही, हे मला माझ्या कपाटावरून चांगले ठाऊक आहे. त्यातली नव्वद टक्के गाणी उद्याही वाईटच राहणार. पण कोणती दहा टक्के वेगळी निघतील हे आज मला, वाचक भगिनींना किंवा कोणत्याही मंत्र्याला सांगता येणार नाही.

म्हणून माझी विनंती अगदी व्यवहारातली आहे. गाणे पुढे पाठवताना कोणी गायिले, कशातले आहे, साल कोणते आणि आपल्याला कोठून मिळाले, एवढी एक ओळ सोबत लिहावी. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असे लिहावे, म्हणजे पुढच्याला शोधावेसे वाटेल. तुकडा न कापता गाणे पुरे पाठवावे. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत त्यांनी त्या संगणकावर उतरवताना दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचे आणि आतल्या कागदाचे छायाचित्र काढून ठेवावे. कॅसेट टाकून दिली तरी चालेल, कागद टाकू नये. आणि वृत्तपत्रांनीही ‘हे गाणे होतेय व्हायरल’ अशा बातम्या देताना, हा गाणारा कोण, एवढे विचारण्याची तसदी घ्यावी. आपल्याच दैनिकात गेल्या वर्षभरात अशा तीन बातम्या आल्या. एकीतही गायकाचे नाव नव्हते.

शेवटी एक वैयक्तिक काम. पाळण्याच्या त्या कॅसेटच्या कागदावर शिबिराचा विषय आहे, कडवी छापलेली आहेत आणि १९८९ हे साल आहे. पण गीतकाराची जागा कोरी असून गायिकांपुढे फक्त ‘शिबिरातील भगिनी’ असे लिहिले आहे. पाचजणींपैकी एकीचा आवाज खर्जातला आणि ठसकेबाज आहे, ‘गंबोरो’ म्हणताना ती शेवटचा ‘रो’ लांबवते आणि मागून कोणीतरी हसते. त्या वर्षी अशा शिबिराला गेलेल्या, किंवा आई-मावशीच्या तोंडून हा पाळणा ऐकलेल्या कोणा वाचकांना यावरून काही आठवत असेल, तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावे. कॅसेटची स्वच्छ प्रत मी स्वखर्चाने पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक संग्राहक वाचक, पुणे